आज्ञा सापडली नाही

द्वितीय वर्ष, कला

संगणकाविषयीचा लेख विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावा, अशी आपल्या वार्षिकाची आजवरची रीत आहे. मी कला शाखेत दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. आमच्या शाळेत संगणक होता, पण तो मुख्याध्यापकांच्या खोलीत निळ्या आच्छादनाखाली झाकलेला असे आणि दसऱ्याला त्याची पूजा होई. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कुणी विचारले तर सांगण्याजोगे एकच आहे. गेल्या वर्षी मी एका ओळीत चारशेच्या वर फाइली पुसून टाकल्या.

ती ओळ मी कशी लिहिली, संगणकाने मला का अडवले नाही, आणि नवशिक्या माणसाला त्याच्याशी जरा सुखाने बोलता यावे म्हणून काय करता येण्याजोगे आहे, याचा शोध घेताना जे वाचले आणि जे उमजले ते येथे मांडते. एक खुलासा आधीच केलेला बरा. संगणकाला द्यायच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहाव्या लागतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे नागरीत दिल्या आहेत.

मोबाइल आपण सगळेच वापरतो. त्यावर चित्रे असतात, चित्राला बोट लावले की काम होते. काय काय मिळेल ते खानावळीतल्या फळ्यासारखे समोर लिहिलेले असते. फळा वाचावा आणि मागावे. आज्ञांवर चालणाऱ्या व्यवस्थेचे तसे नाही. तिथे काळा पडदा असतो, त्यावर डॉलरचे एक चिन्ह आणि त्यापुढे लुकलुकणारी एक रेघ. फळा नाही आणि वाढपीही नाही. आमच्या वर्गातल्या एकीने ते चिन्ह पाहून विचारले, ‘हे पैसे मागतंय का गं?’ तो डॉलर म्हणजे ‘मी तयार आहे, सांगा’ एवढाच संकेत. पण सांगायचे काय, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असावे अशी त्याची अपेक्षा असते. चुकीचे काही लिहिले की तो म्हणतो, ‘आज्ञा सापडली नाही’, आणि पुन्हा डॉलर दाखवून गप्प बसतो.

मग असल्या अबोल पडद्यापाशी जायचेच कशाला? त्याचे कारण मला आमच्या मराठी विभागाच्या कामात कळले. विभागाने जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे काम हाती घेतले होते. प्रत्येकाने आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांपाशी बसून ओव्या ऐकायच्या, वहीत उतरवायच्या आणि कॉलेजच्या संगणक कक्षात टंकून ठेवायच्या. एका ओवीची एक फाइल. फाइलींना नावे मात्र ज्याने त्याने मनाला येतील तशी दिली. कुणी गावाचे दिले, कुणी बाईचे दिले, एकाने तर सगळ्यांना ‘नवीन’, ‘नवीन नवीन’ अशी नावे दिली होती. फाइली चारशेवर गेल्या तेव्हा एकेक निवडून नाव बदलायचे म्हणजे दोन दिवसांचे काम होऊन बसले. आमच्या कक्षातले संगणक जुने आहेत आणि त्यांवर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. कक्षातल्या सरांनी काळा पडदा उघडला, एक ओळ लिहिली आणि एन्टर दाबले. चारशे नावे बदलून एका माळेत आली. आम्ही नुसते बघत राहिलो. चित्राला बोट लावण्याच्या पद्धतीत जे आधी कुणी चित्र काढून ठेवले असेल तेवढेच मागता येते. आज्ञेच्या पद्धतीत शब्द जुळवून नवे वाक्य करता येते. भाषेच्या विद्यार्थिनीला हा फरक कळायला वेळ लागला नाही. मी त्या दिवसापासून त्या पडद्याच्या नादी लागले.

दोन महिन्यांनी काही जुन्या प्रती काढून टाकण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले. त्यांची नावे ‘ओवी-जुनी-१’, ‘ओवी-जुनी-२’ अशी होती. पुसण्याची आज्ञा ‘आरएम’, म्हणजे ‘रिमूव्ह’ या शब्दाचा संक्षेप. तिच्यापुढे फाइलीचे नाव लिहायचे. नावाच्या शेवटी तारका टाकली तर ‘या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या’ असा अर्थ होतो. मला लिहायचे होते ‘आरएम ओवी-जुनी*’. मी लिहिले ‘आरएम ओवी-जुनी *’. तारकेच्या आधी एक जागा सुटली. दोन शब्दांत जागा सोडावी ही शिस्त आमच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंनी छडी घेऊन लावली होती, ती अशी उपयोगी पडली. जागा सुटल्याने एकाचे दोन झाले. एक ‘ओवी-जुनी’ नावाची फाइल, आणि दुसरी नुसती तारका, म्हणजे त्या फोल्डरमधले सगळे काही.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ असा की ‘ओवी-जुनी’ काढता येत नाही, अशी फाइल वा फोल्डर नाही. मला वाटले आपले काम फसले, काहीच पुसले गेले नाही. खात्रीसाठी मी ‘एलएस’ ही फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा दिली. यादी आली नाही, फक्त डॉलर आला. पुन्हा दिली, पुन्हा डॉलर. तिसऱ्या वेळी कळफलकाची कळच बिघडली असावी असे वाटून मी जोरात दाबली. फोल्डर रिकामे असले की ‘एलएस’ काहीच बोलत नाही, ‘रिकामे आहे’ एवढेही म्हणत नाही, हे मला ठाऊक नव्हते. म्हणजे ज्या एका गोष्टीचे काही झाले नाही तिच्याविषयी त्या यंत्राने मला सांगितले, आणि ज्या चारशे गेल्या त्यांच्याविषयी अवाक्षर काढले नाही.

सरांच्या पेनड्राइव्हवर आठवड्यापूर्वीची प्रत होती म्हणून बहुतेक सगळे परत मिळाले. त्या आठवड्यात टंकलेल्या तेवढ्या गेल्या, आणि त्या सगळ्या माझ्या होत्या, माझ्या आजीच्या बावीस ओव्या. वेळ वाचावा म्हणून मी त्या वहीत उतरवल्याच नव्हत्या. आजीला फोन लावून तिचे ऐकत ऐकत थेट टंकल्या होत्या. मला कुणी रागावले नाही. सर एवढेच म्हणाले, ‘जागा सुटली तुझी.’ ते खरेच होते. पण एका रिकाम्या जागेला एवढी किंमत का, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

त्याचे उत्तर शोधायला फार मागे जावे लागते. लिनक्स ज्या घराण्यातली आहे त्या यूनिक्स कार्यप्रणालीचा जन्म १९६९ साली अमेरिकेत, न्यू जर्सीमधल्या मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ही तिच्या कर्त्यांतली प्रमुख नावे. त्या वेळी त्यांच्यापुढे आजच्यासारखा पडदा नव्हता. ‘टेलिटाइप ३३’ नावाचे टंकयंत्रासारखे एक धूड असे. त्याच्या कळा जड, आणि ते कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला फक्त दहा अक्षरे उमटवी. अशा यंत्रापाशी बसलेला माणूस शब्द तोडणारच. म्हणून ‘कॉपी’चे ‘सीपी’ झाले, ‘मूव्ह’चे ‘एमव्ही’ झाले, ‘लिस्ट’चे ‘एलएस’ झाले. नवी फाइल निर्माण करण्यासाठीच्या ‘क्रिएट’ या शब्दातले शेवटचे ‘ई’ अक्षरही त्यांनी गाळले. पुन्हा यूनिक्स करायची झाली तर काय बदलाल, असे थॉम्प्सन यांना विचारले तेव्हा ते अक्षर परत घालीन, असे त्यांनी म्हटल्याचे प्रसिद्ध आहे.

गप्प बसण्यालाही कारण होते. ‘काम झाले’ असे प्रत्येक वेळी छापायचे तर कागद आणि वेळ दोन्ही खर्ची पडणार. पुढे १९७३ च्या सुमारास यूनिक्समध्ये ‘पाइप’ आली. एका आज्ञेचे उत्तर थेट दुसऱ्या आज्ञेच्या तोंडात सोडण्याची ही युक्ती, आणि तिची कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांची. एकीने दळलेले दुसरी चाळणार, तर दळणारीने पिठात गप्पा टाकून चालत नाही. म्हणून यूनिक्समध्ये गप्प राहणे हे यशाचे लक्षण ठरले. जाणत्याला ते सोयीचे आहे हे मलाही पटते. आमच्या चारशे नावांची माळ झाली ती याच गुणामुळे. पण नवशिक्याला गप्प बसलेला माणूस रागावला आहे की राजी आहे, हे कसे कळावे?

त्याच काळात ‘ईडी’ नावाची एक लेखनाची सोय यूनिक्समध्ये होती. काही चुकले की ती फक्त एक प्रश्नचिन्ह छापी. काय चुकले, कुठे चुकले, काही नाही. हे वाचले तेव्हा मला आईबरोबर एका सरकारी कचेरीत घातलेले तीन दिवस आठवले. खिडकीतले साहेब अर्ज पाहत आणि ‘चालणार नाही’ म्हणून परत सरकवीत. आई विचारायची, ‘काय राहिलं साहेब?’ ते पुढच्या माणसाचा कागद घेत. तिसऱ्या दिवशी रांगेतल्या एका अनोळखी बाईने सांगितले की मागच्या पानावर सही राहिली आहे. सही करायला दोन सेकंद लागले.

यूनिक्सच्या या स्वभावावर जाहीर तक्रार झाली ती १९८१ साली. डोनाल्ड नॉर्मन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. ‘डेटामेशन’ या नियतकालिकात त्यांनी यूनिक्सवर लेख लिहिला. आतून ही व्यवस्था देखणी आहे, पण साध्या माणसाशी तिची वागणूक वाईट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. नावांत सुसंगती नाही आणि यंत्र काय करते आहे ते सांगत नाही, ही त्यांची मुख्य गाऱ्हाणी. फाइलीतला मजकूर दाखवणाऱ्या आज्ञेचे नाव ‘कॅट’ आहे, तेही त्यांना खटकले. तो जोडणे या अर्थाच्या एका लांबलचक इंग्रजी शब्दाचा तुकडा आहे. आमच्या कक्षात सरांनी ‘आता कॅट करा’ म्हटले की मागच्या बाकावरून म्याव ऐकू येते.

नॉर्मन यांचे बाकीचे पटले तरी नावांविषयीची त्यांची तक्रार मला तितकीशी वजनदार वाटत नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतात. ती बोटे नव्या माणसाला कळत नाहीत, पण चार बाजार केले की कळतात. आम्हा मुलींना ‘सीपी’, ‘एमव्ही’ पाठ व्हायला आठवडाही लागला नाही. इंग्रजी ज्यांचे पक्के आहे त्यांना ती नावे तुटकी वाटत असतील. आम्हाला पूर्ण शब्द आणि तुटका शब्द सारखेच नवे होते. अडले ते दुसरीकडे. बाजारात भाव चुकीचा सांगितला तर शेजारचा कुणीतरी मांडीला चिमटा काढतो. इथे चिमटा काढणारे कुणी नव्हते.

आता त्या तारकेकडे वळते, कारण माझ्या लेखाचे मर्म तिथे आहे. मला वाटे, ‘सगळे पुसू का?’ असे विचारण्याचे भान ‘आरएम’ लिहिणाऱ्यांना राहिले नसावे. पण प्रकार वेगळाच निघाला. यूनिक्समध्ये आपण लिहिलेली ओळ प्रथम ‘शेल’ नावाचा दुभाषा वाचतो. तो तारका दिसली की तिच्या जागी फोल्डरमधल्या फाइलींची सगळी नावे स्वतः भरतो आणि मग ती लांबलचक यादी ‘आरएम’च्या हाती देतो. ‘आरएम’ला तारका कधी दिसतच नाही. तिला वाटते, या बाईने चारशे नावे एकेक करून लिहिली आहेत, म्हणजे तिला ती नक्की नको असणार. म्हणजे दोघे कामगार प्रामाणिक, आणि तरी घर रिकामे झाले.

आयबीएमच्या छोट्या संगणकाबरोबर १९८१ साली आलेल्या डॉस या कार्यप्रणालीत हीच गोष्ट निराळी होती. तिथे पुसणारी ‘डेल’ ही आज्ञा तारका स्वतःच वाचते. म्हणून सगळ्या फाइली पुसायला सांगितल्या तर ती थांबून ‘नक्की का?’ असे विचारते. डॉसला जाणती मंडळी नावे ठेवतात. ‘चुकीची आज्ञा किंवा फाइलीचे नाव’ एवढेच सांगून दोहोंतले कोणते चुकले ते न सांगण्याची खोड तिलाही होतीच. पण या एका बाबतीत मी तिच्या बाजूची आहे. पुढे १९९१ साली डॉसची पाचवी आवृत्ती आली तिच्यात पुसलेले परत आणण्याची आज्ञाही होती. डॉस फाइल पुसते तेव्हा खरे तर यादीतल्या तिच्या नावाचे पहिले अक्षर खोडून तिथे खूण करते आणि जागा मोकळी झाली असे समजते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल तर फाइल परत येते. मात्र पहिले अक्षर हरवलेले असल्याने ते यंत्र आपल्याला विचारते, ‘हिचे पहिले अक्षर काय होते?’ हा प्रश्न मी वाचला तेव्हा मला कितीतरी वेळ पुढचे वाचवेना.

यूनिक्सच्या घराण्यातही हा उपाय झाला, आणि तो एका विद्यार्थ्याने केला. पॉल फालस्टॅड हे प्रिन्स्टन विद्यापीठात शिकत असताना १९९० साली त्यांनी ‘झी-शेल’ नावाचा नवा दुभाषा लिहिला. या दुभाष्यापुढे ‘आरएम’ आणि नुसती तारका लिहिली तर, तारका त्यालाच दिसत असल्याने, तो स्वतः थांबून विचारतो की या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली पुसायच्या हे नक्की का. ॲपलच्या संगणकांवर २०१९ पासून हाच दुभाषा मुळात दिलेला असतो. आमच्या कक्षात ‘बॅश’ नावाचा दुसरा आहे, तो विचारत नाही. म्हणजे उपाय माझ्या जन्माआधीच निघालेला होता, फक्त आमच्या खोलीपर्यंत आलेला नव्हता. आमच्या गावच्या नळाचेही असेच आहे, पण तो वेगळा विषय.

नवशिक्याला भिववणाऱ्या बारीकसारीक गोष्टी आणखी पुष्कळ आहेत. काही कामांसाठी संकेतशब्द मागितला जातो, आणि तो लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही. मागून कुणी अक्षरे मोजू नयेत हा हेतू चांगला आहे. पण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना कळफलक बंद पडला असेच वाटले. लिनक्सच्या काही प्रकारांत आता तिथे तारका उमटतात. एवढ्याशा गोष्टीने जीव भांड्यात पडतो. तसेच ‘व्हीआय’ नावाच्या लेखनसाधनाचे. ते उघडून टंकायला लागावे तर अक्षरे उमटत नाहीत, कारण ते प्रत्येक कळ ही आज्ञा समजते. बाहेर कसे पडावे हेही कळत नाही. त्याच्याच ‘व्हिम’ या सुधारलेल्या रूपातून बाहेर कसे पडावे, हा ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर विचारलेला प्रश्न २०१७ सालापर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. हे वाचून मला फार बरे वाटले. याउलट ‘नॅनो’ नावाचे साधन पडद्याच्या तळाशी दोन ओळींत ‘बाहेर’, ‘शोधा’, ‘जतन’ अशा कळा लिहून ठेवते. तिथेही कंट्रोल या कळीऐवजी छोट्या छपराचे चिन्ह काढतात, ते कुणीतरी एकदा सांगावे लागते.

‘आज्ञा सापडली नाही’ या वाक्यालाही आता काही ठिकाणी पुढची ओळ जोडलेली असते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात एखादे अक्षर चुकले तर ‘तुम्हाला अमुक म्हणायचे होते का?’ असे विचारतात, किंवा ती आज्ञा कोणत्या संचातून आणता येईल ते सांगतात. २००५ साली ॲक्सेल लिल्येनक्रांत्झ यांनी ‘फिश’ नावाचा दुभाषा काढला. त्यात आपण लिहीत असतानाच चुकीची आज्ञा लाल दिसते, आणि पूर्वी लिहिलेली ओळ फिक्या रंगात पुढे सुचवली जाते. एन्टर दाबण्याआधीच चूक कळणे ही केवढी सोय आहे, हे मी सांगायला नको.

माहितीची पाने मात्र अजून कठीण आहेत. ‘मॅन’ म्हणजे मॅन्युअल ही आज्ञा देऊन कुठल्याही आज्ञेची माहिती वाचता येते. यूनिक्सची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे आणि तिच्यात प्रत्येक आज्ञेखाली तिचे ज्ञात दोषही दिलेले असत. हा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे. पण ही पाने शब्दकोशासारखी असतात. शब्दकोश वाचून कुणी भाषा शिकत नाही, आणि उदाहरण शोधत खालपर्यंत गेले तरी पुष्कळदा ते नसतेच. २०१३ साली काही लोकांनी मिळून ‘टीएलडीआर’ नावाची छोटी पाने लिहायला घेतली. त्यांत एकेका आज्ञेची पाच-सात उदाहरणेच तेवढी दिलेली असतात. आम्हाला त्यांचा फार उपयोग झाला.

आता भाषेविषयी. आज्ञा मराठीत असाव्यात का? विभागात यावर दोन तट पडले. आपल्याकडे नागरी लिपी संगणकाच्या पडद्यावर आणण्याची खटपट जुनी आहे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले ‘जिस्ट’ तंत्र १९८० च्या दशकातले. त्याचे कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या दिसत. आज फाइलीला मराठी नाव देता येते. पण काळ्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचा चौकोन ठरवलेला असतो आणि आपली जोडाक्षरे त्या चौकोनांत मावत नाहीत. ‘स्त्री’चे तीन तुकडे होतात, वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाते. शिवाय आज्ञा इंग्रजीत आणि नाव मराठीत लिहायचे म्हणजे ओळीच्या मध्येच कळफलक बदलावा लागतो. त्यामुळे माझे मत असे झाले की आज्ञा आहेत तशा राहू द्याव्यात. यंत्राने दिलेली उत्तरे मात्र मराठीत असावीत. आपण मोडके बोललो तरी भागते, समोरच्याचे बोलणे पूर्ण कळले पाहिजे.

आम्ही केलेले अगदी थोडे आहे. प्रथम वर्षाच्या मुलामुलींसाठी एका पुठ्ठ्यावर चौदा आज्ञा मराठीत समजावून कक्षाच्या भिंतीला लावल्या. यंत्र गप्प बसले तर काम झाले असे समजा, हे सगळ्यात वर लिहिले. त्याखाली लिहिले की तारका वापरून पुसायचे असेल तर आधी त्याच नावाने ‘एलएस’ द्या, जी यादी दिसेल तीच पुसली जाणार. मी त्या दिवशी एवढे केले असते तरी पुरे होते. ‘आरएम’लाच दर वेळी ‘पुसू का?’ असे विचारायला लावावे अशी माझी सूचना होती. सरांनी ती मोडीत काढली. ते म्हणाले, दर वेळी विचारले की माणूस न वाचताच ‘हो’ दाबतो, आणि दुसऱ्या कुठल्या संगणकावर गेला की तिथले ‘आरएम’ विचारत नाही, तेव्हा जास्त फसतो. हे मला पटले. म्हणून ‘आरएम’ला हात न लावता आम्ही ‘कचरा’ नावाची वेगळी आज्ञा केली. ती फाइल पुसत नाही, कचरापेटीत हलवते, आणि तिथून ती परत घेता येते. इंग्रजी अक्षरांत ‘कचरा’ कसे लिहायचे यावर मात्र अर्धा तास वाद झाला.

दिवाळीच्या सुट्टीत आजीला पुन्हा बसवले. या वेळी वही घेतली होती. तिने बावीस म्हटल्या, जास्तच म्हटल्या. त्यांतल्या नऊ मी ओळखल्या. बाकीच्या वेगळ्या होत्या. ‘त्या दिवशीच्या म्हण,’ म्हटल्यावर ती म्हणाली, ‘त्या दिवशी दळण येगळं होतं.’ माझ्याशी ती फोनवर बोलली होती, तेव्हा दळण कसले आले, पण मी काही बोलले नाही.

जूनमध्ये प्रथम वर्षाची एक मुलगी कक्षात आली. कळफलकापासून हात एक वीतभर लांब धरून बसली होती. ‘बिघडलं तर भरून द्यावं लागंल का, ताई?’ असे तिने विचारले. मी तिला तिच्याच नावाची एक फाइल करायला लावली आणि ‘कचरा’ देऊन घालवायला सांगितली. ‘एलएस’ दिले, फाइल नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मग कचरापेटी उघडून ती परत आणली. तिने पुन्हा घालवली, पुन्हा आणली. तिसऱ्यांदा परत आणली तेव्हा मी शेजारच्या संगणकाकडे गेले होते. ती चौथ्यांदा घालवत होती.